शेतावर स्वयंपूर्ण राहायचंय, मग शिकारीचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार-सहा कुटुंबांनी मिळून कोकणात किंवा घाटाखाली जमीन घ्यायची, आपलं धान्य-कडधान्य-भाजी आपण पिकवायची, बाजाराला जमेल तितकं लांब ठेवायचं, असा बेत करणारी मंडळी हल्ली बरीच आहेत. बियाणं, पाणी, गोठा यांच्या प्रश्नांबरोबर त्यांच्याकडून एक विषय हमखास येतो: रानातलं मांस. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्र धरून लिहिली आहेत. वन्यजीवांचा कायदा केंद्राचा असल्यामुळे गोव्यातही तो लागू आहेच. मासेमारीचे नियम मात्र राज्यागणिक बदलतात.

१. कायदा क्षणभर बाजूला ठेवू. शिकारीवर वीस माणसांचं पोट भरेल का?

नाही. हिशेब करून पाहा. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. वीस माणसांना रोज एक किलो झाली. ती सगळी मांस-मासळीतून घ्यायची तर रोज साफ केलेलं पाच-साडेपाच किलो मांस हवं, म्हणजे वर्षाला जवळपास २,००० किलो. एका मध्यम रानडुकरातून तीसेक किलो मांस निघतं असं धरलं, तरी वर्षाला पासष्ट-सत्तर डुकरं लागतील. कुठल्याही एका गावाच्या रानात इतकी डुकरं दर वर्षी पुरत नाहीत.

आता तूरडाळ घ्या. तिच्यात शेकडा २२ च्या आसपास प्रथिनं असतात, म्हणजे रोज साडेचार किलो, वर्षाला साधारण साडेसोळा क्विंटल. हेक्टरी आठ-दहा क्विंटल उतारा धरला तर दोन हेक्टरांत हा विषय मिटतो. पारध करणाऱ्या समाजांचंही रोजचं पोट भात, नाचणी, वरी, कंद आणि मोहावरच भरत आलं आहे. शिकार हे वरचं तोंडीलावणं होतं, आणि तेही मिळेल त्या दिवशी.

२. कायदा नेमका काय म्हणतो? निदान ससा, तितर तरी चालत असेल ना?

चालत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ९ नुसार अनुसूची १ आणि २ मधल्या कुठल्याही वन्यप्राण्याची शिकार करता येत नाही. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली तेव्हा अनुसूच्यांची फेरमांडणी झाली. पूर्वी खालच्या अनुसूच्यांत असलेले ससा, तितर, रानडुक्कर हे सगळे आता या दोनांतच आले आहेत. मोर, घोरपड, खवल्या मांजर पहिल्या अनुसूचीत आहेत.

शिक्षा: सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्राणी पहिल्या अनुसूचीतला असेल किंवा शिकार अभयारण्यात झाली असेल तर कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद, शिवाय किमान २५,००० रुपये दंड. 'थोडासा दंड भरून सुटू' अशी समजूत शहरातून आलेल्यांत आम्हाला वारंवार दिसते. ती मोडून काढावी, म्हणून आकडे देतो आहोत.

३. मी काही मारणार नाही. नुसता फास लावून पाहिला, किंवा रानकोंबडीची अंडी उचलली, तर?

कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या फार रुंद आहे. मारणं, विष घालणं, पकडणं, फासात-सापळ्यात अडकवणं, हाका घालून हुसकावणं, आमिष लावणं आणि यांतलं काहीही करायचा नुसता प्रयत्न करणं, हे सगळं तिच्यात येतं. पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी काढणं किंवा घरटी विस्कटणंही. रिकामा फास हा देखील पुरावाच. फासात दुसरंच जनावर अडकलं तर काय होतं, ते प्रश्न १४ मध्ये.

४. मग आमच्या आजोबांच्या काळी शिमग्याला गावोगाव पारध निघायची ती कशी?

तेव्हा कायदा वेगळा होता. मुंबई राज्यात १९५१ पासून वन्यप्राणी संरक्षणाचा कायदा होता, पण त्यात परवाना आणि हंगाम यांना जागा होती. १९७२ च्या केंद्रीय कायद्यातही सुरुवातीला शिकारीच्या परवान्यांची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली आणि परवाना घेऊन शिकार ही गोष्टच संपली. म्हणून घरात जुना परवाना किंवा ठासणीची बंदूक असली तरी तिचा शिकारीला उपयोग नाही. बंदुकीचा परवाना शस्त्रास्त्र कायद्याखालचा असतो. त्याने बंदूक बाळगता येते, जनावर मारता येत नाही.

या बंदीचा सगळ्यात मोठा घाव ज्यांच्यावर बसला त्यांचं नाव अशा गप्पांत क्वचित निघतं. फासे पारध्यांचं सगळं कसबच तितर-लाव्यांच्या फासांत होतं. ब्रिटिशांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने असे समाजच्या समाज जन्मतः गुन्हेगार ठरवले गेले, १९५२ मध्ये तो शिक्का कागदावर पुसला गेला, आणि वीस वर्षांनी हातातला धंदाही बेकायदा झाला. शेतघरात हौस म्हणून फास लावू पाहणाऱ्याने हे एकदा मनात घोळवावं.

५. आदिवासींना शिकारीची परवानगी असते ना? आमच्या गटात दोन आदिवासी कुटुंबं आहेत.

नसते. वनहक्क कायदा २००६ ने गौण वनोपज, चराई, आणि पाणवठ्यांतले मासे व इतर उत्पन्न यांवर हक्क मान्य केले. परंपरेने चालत आलेले इतर हक्कही मान्य केले, पण त्याच कलमात शिकार करणं, सापळे लावणं आणि वन्यप्राण्याच्या शरीराचा भाग काढणं हे स्पष्ट वगळलं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्या हक्काच्या जोरावर ग्रामसभा आपला बांबू स्वतः विकू लागली. शिकारीची मुभा मात्र तिलाही नाही.

देशभरात अपवाद एकच: निकोबार बेटांवरच्या अनुसूचित जमातींचे शिकारीचे हक्क १९७२ च्या कायद्याने शाबूत ठेवले आहेत. त्याचा महाराष्ट्राशी संबंध नाही.

या उत्तरातलं खरं कामाचं वाक्य मासे आणि पाणवठ्याचं आहे. गावाला सामूहिक हक्क मिळालेला असेल तर ओढ्या-तळ्यातल्या मासळीबद्दल आधी ग्रामसभेशी बोला.

६. मग रानातून-पाण्यातून कायदेशीर असं उरतं तरी काय?

बरंच उरतं. गोड्या पाण्यातले खेकडे, ओढ्या-नदीतले नेहमीचे मासे, झिंगे, खाडीकाठी असाल तर शिंपल्या-कालवं, आणि भाताच्या शेतातले उंदीर. मध आहेच. शिवाय पाळलेली जनावरं, ज्यांच्याबद्दल प्रश्न १६ पाहा.

दोन अटी सगळीकडे लागू. पहिली, अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात यातलं काहीही करायचं नाही, खेकडासुद्धा नाही. राखीव वनातही मासेमारी आणि सापळे यांवर वन कायद्याचे नियम आहेत, तेव्हा ओढा कुणाच्या हद्दीतून वाहतो ते सातबारा आणि वनरक्षक या दोघांना विचारून घ्यायचं. दुसरी अट कायद्यात लिहिलेली नाही, पण आम्ही ती पाळतो: ज्या ओढ्यावर एखादं कातकरी कुटुंब खेकडे धरून विकतं, तिथे आपण टॉर्च घेऊन उतरायचं नाही. त्यांच्याकडून विकत घ्यायचे. स्वयंपूर्णतेच्या हौसेपायी शेजाऱ्याची हंगामी मिळकत खाणं शोभत नाही.

७. खेकडे धरायचे कसे? आम्हाला बिळात हात घालायची भीती वाटते.

भीती योग्य आहे, ती सोडू नका. रिकाम्या बिळात फुरसं किंवा घोणस बसलेली असू शकते.

पहिल्या दोन-चार दमदार पावसांनंतर खेकडे रात्री बाहेर पडतात. तेव्हा बांधावर, ओहोळाच्या काठाने, कातळावर टॉर्चच्या उजेडात ते सरळ दिसतात. उजेड डोळ्यांवर पडला की खेकडा क्षणभर थबकतो. तेवढ्यात पायाने, म्हणजे गमबुटाने, पाठीवर हलकेच दाबायचं आणि मागच्या बाजूने, दोन्ही नांग्यांच्या पाठीमागे अंगठा आणि तर्जनी घालून उचलायचा. नांग्या पुढे वळतात, मागे फारशा पोचत नाहीत. घाबरून हात झटकलात तर तो आणखी घट्ट आवळतो. बोट धरलंच तर हात पाण्यात सोडा, बहुतेक वेळा तो आपणहून सुटतो.

दिवसा बिळावर जायचं तर बिळाचं तोंड वाचायला शिकावं लागतं. तोंडाशी ओल्या मातीच्या ताज्या गोळ्या पडलेल्या असतील आणि चिखलावर टोकदार पायांच्या बारीक रेघा असतील तर खेकडा आत आहे. तोंडाला कोळ्याचं जाळं असेल किंवा माती वाळून भेगाळली असेल तर बीळ सोडा. जाणती माणसं वाकड्या टोकाची तार किंवा काठी आत घालून खेकड्याला ती धरायला लावतात आणि हळूच बाहेर ओढतात. हे बघून शिकायचं काम आहे. वाडीतल्या कुणाबरोबर एक पावसाळा फिरा.

धरलेला प्रत्येक खेकडा उलटा करून बघा. पोटाखालचं झाकण निमुळतं त्रिकोणी असेल तर नर, रुंद गोलसर असेल तर मादी. मादीच्या झाकणाखाली अंडी किंवा बारीक पिलं दिसली तर तिला तिथल्या तिथे सोडायचं. समुद्री खेकड्याची पिलं पाण्यात वाहत लांब जातात. या खेकड्यांची पिलं आईच्या पोटाखालीच आकार घेतात आणि त्याच ओहोळात राहतात. ओहोळातल्या माद्या संपल्या की बाहेरून दुसऱ्या येत नाहीत.

८. एवढ्याशा खेकड्यात खायला असतं काय?

गर थोडाच असतो. अन्न म्हणून किंमत रश्शाची आहे. नांग्या आणि पेंदा वेगळा ठेवून बारीक पाय पाट्यावर किंवा उखळात ठेचायचे, पाणी घालून गाळायचे, ते पाणी वाटणात घालून उकळायचं. एका घराला लागणारे खेकडे असे दोन घरांना पुरतात. वाटेत मेलेला खेकडा फेकून द्या, तो फार लवकर नासतो. आणि खेकडा पुरता शिजलाच पाहिजे: ईशान्य भारतात कच्च्या-अर्धकच्च्या खेकड्यांतून फुफ्फुसात शिरणाऱ्या कृमीचे रुग्ण आढळतात आणि त्यांच्यावर कधी कधी क्षयाचे उपचार चालू राहतात. चुलीवर भाजलेला खेकडा आतून ओलसर राहिला असेल तर परत निखाऱ्यावर टाका.

९. वलगणीचे मासे धरावेत की नाही? एकाच गटात दोन मतं आहेत.

पाऊस लागला की खालच्या नदीतले मासे प्रवाहाविरुद्ध ओढ्यांतून, अगदी भातखाचरांपर्यंत चढतात. रायगड-ठाण्याकडे याला वलगण म्हणतात, दक्षिण कोकणात चढणीचे मासे. पोटं गाभोळीने भरलेली असतात, पाणी गुडघ्याएवढं, मासा हाताने धरता येईल इतका जवळ. म्हणूनच वाडीच्या वाडी त्या रात्री पाण्यात असते.

आमचं मत असं: पूर्वी हे चाललं, कारण चार रात्रींचा खेळ होता, साधनं हाताची होती, आणि वर चढलेल्यांपैकी बरेच मासे निसटत. आता ओढ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत नायलॉनचं जाळं बांधलं जातं. एका गाभण मादीच्या पोटात हजारो अंडी असतात आणि ती धरली तर श्रावणात खायला मिळाली असती ती सगळी पिढीच जाते. पण गावाचा तो सण आहे. नव्याने राहायला आलेल्यांनी पहिल्याच वर्षी 'बंद करा' म्हणायला जाऊ नये. आपल्यापुरता नियम करता येतो: ओढा पूर्ण अडवायचा नाही, रात्रीपुरते घरटी दोन-तीन मासे, आणि आपल्या खाचरातून वर जाणारी वाट मोकळी. पाणी ओसरताना खाचरात अडकलेले मासे मात्र बिनदिक्कत घ्या, ते नाहीतरी बगळ्यांचेच.

१०. मासेमारीला कोणाची परवानगी लागते? साधनं कोणती?

आपल्या जमिनीतलं शेततळं किंवा विहीर: कुणाचीच नाही. धरण किंवा मोठा तलाव: मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्याने दिलेला असतो. तिथे परस्पर जाळं टाकलंत तर ती चोरी धरली जाते. भंडारा-गोंदियाकडे माजी मालगुजारी तलावांवर ढीवर समाजाच्या संस्था आहेत, त्यांच्याकडूनच मासळी घ्यावी हे सरळ. छोट्या नदी-ओढ्यांवर ग्रामपंचायतीत विचारा.

समुद्रात दर वर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. गोड्या पाण्यात गळ टाकून बसणाऱ्याला ती लागू नाही.

साधनं साधी: गळ आणि गांडूळ, पाग म्हणजे फेकायचं जाळं, आणि बांबूच्या कामट्यांची निमुळती टोपली, जिच्या तोंडाशी कामट्या आत वळवलेल्या असतात, म्हणजे मासा शिरतो पण फिरून बाहेर पडत नाही. स्वयंपूर्णतेच्या दृष्टीने टोपली सगळ्यांत उत्तम. संध्याकाळी दगडांच्या सांदीत प्रवाहाला लावायची आणि सकाळी काढायची, मधला वेळ आपला. फक्त ती विसरून जाऊ नका. काढायची राहिलेली टोपली मासे मारत राहते. गळाला मरळ किंवा शिवडा लागला तर नशीब. शिवड्याच्या पंखाचा काटा लागला की ठणका तासन्‌तास राहतो, म्हणून पक्कड जवळ ठेवा.

११. गावात ओढ्यात रामेठा किंवा गेळ ठेचून टाकतात. ते नैसर्गिकच आहे ना? मग चालेल का?

चालणार नाही. झाडाचं असलं तरी ते विषच. पाण्यात विष किंवा सुरुंग टाकून मासे मारण्याला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. पूर्वी हे उन्हाळ्यात, प्रवाह तुटल्यावर, एखाद्याच डोहात होई. आता ब्लीचिंग पावडर आणि बॅटरीचा करंट आला आहे. दोन्हींत खाण्याजोगे मासे तर मरतातच, पण बोटाएवढी पिल्लं, झिंगे, खेकडे, सगळं मरतं, आणि खाली गुरं तेच पाणी पितात. करंटने माणसंही दगावतात.

१२. शेततळ्यात मासे सोडले तर किती मिळतील?

दहा गुंठ्यांच्या तळ्यात पाचशे ते हजार बोटुकली सोडतात: कटला वरच्या थराला, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, म्हणजे खाद्यावरून भांडण नाही. खाद्य नीट दिलं, पाणी टिकलं, तर वर्षाला २०० ते ३०० किलो धरायला हरकत नाही. प्रश्न १ मधल्या वीस माणसांना आठवड्यातून एकदा भरपेट मासळी. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात तळाचा गाळ नसल्यामुळे नैसर्गिक खाद्य कमी तयार होतं, तिथे उत्पन्न कमी धरा किंवा पेंड-कोंड्याचा खर्च जास्त धरा.

तळ्याचे काठ घसरडे असतात. काठावर गाठी मारलेला दोर कायम सोडून ठेवा. पोहता येणारी माणसंसुद्धा प्लास्टिकवरून वर येऊ शकत नाहीत.

कुणी 'लवकर वाढतो, काहीही खातो' म्हणून आफ्रिकन मांगूर देऊ केला तर घेऊ नका. त्याच्या पालनावर २००० सालापासून बंदी आहे. पुरात तळं फुटलं आणि तो ओढ्यात गेला तर बाकी मासे तो खाऊन टाकतो. देशी मांगूर वेगळा. बी सरकारी किंवा नोंदणीकृत केंद्रातूनच घ्या.

१३. उंदीर खातात ते खरं का? आणि ते कायद्यात बसतं का?

खरं आहे. कापणी झाल्यावर कातकरी मंडळी बांधातली बिळं खणतात. उंदीर मिळतात आणि त्यांनी साठवलेलं भातही. एका खणण्यात शेतकऱ्याचं नुकसान कमी होतं आणि खणणाऱ्याच्या घरी धान्य आणि मांस दोन्ही जातं. आमच्या मते स्वयंपूर्णतेचं याहून चोख उदाहरण सापडणं कठीण. शहरी नाक मुरडण्यापलीकडे त्याविरुद्ध काही म्हणण्यासारखं नाही. घर-शेतातल्या उपद्रवी उंदीर-घुशी मारायला कायद्याची आडकाठी नाही. दाट जंगलातल्या दुर्मिळ जातींना हात लावू नका.

धोके दोन. आजूबाजूच्या कुठल्याही शेतात झिंक फॉस्फाईड किंवा तशी औषधं घातली असतील तर त्या शिवारातला उंदीर खायचा नाही. दुसरा लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप. उंदराच्या मुतातून हे जंतू ओल्या मातीत आणि पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून शिरतात. खणणाऱ्याला जितका धोका, तितकाच लावणी करणाऱ्याला. बूट, हातमोजे, आणि पाण्यात काम केल्यावर ताप आला तर डॉक्टरांना ते काम आवर्जून सांगणं, एवढं करा.

१४. रानडुकरं रताळी, भात सगळं उकरतात. शेतात फासकी लावली तर तेही थांबेल आणि मांसही मिळेल.

हा प्रश्न आम्हाला सगळ्यांत जास्त येतो, आणि उत्तराचे तीन भाग आहेत.

पहिला भाग: फासकी. क्लच वायरचा फास डुकराच्या वाटेवर लावला तरी त्याच वाटेने बिबट्याही जातो. फासकीत अडकलेल्या बिबट्याच्या बातम्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीतून सतत येतात. बिबट्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे प्रश्न २ मधली मोठी शिक्षा, आणि चौकशी ज्याच्या शेतात वायर सापडली त्याच्यापासून सुरू होते. कंबरेत वायर रुतलेलं जनावर मरायला कधी कधी दिवस घेतं. गावठी बॉम्ब आणि कुंपणात थेट वीज सोडणं तर त्याहून वाईट. विदर्भात अशा तारांनी वाघही मेले आहेत आणि रात्री पाणी द्यायला गेलेली माणसंही.

दुसरा भाग: कायदेशीर मार्ग. पिकाची नासधूस करणाऱ्या डुकराला किंवा रोह्याला (नीलगाईला) मारण्याची परवानगी कलम ११ खाली वनखात्याचा प्राधिकृत अधिकारी देऊ शकतो. महाराष्ट्रात त्यासाठी ठरलेली पद्धत आहे, वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज करा. 'बिहारात सरसकट मारायला दिलं होतं' असं काही जण लिहितात. केंद्राने २०१५-१६ च्या सुमारास बिहारमध्ये नीलगाय व रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर आणि हिमाचलात माकडं ठरावीक भागापुरती, ठरावीक मुदतीपुरती उपद्रवी जाहीर केली होती. ती मुभा तेवढ्यापुरतीच होती.

तिसरा भाग, जो कुणाला आवडत नाही: परवानगीने मारलेलं जनावरही सरकारी मालमत्ता असतं. मांस तुमचं नाही. त्यामुळे 'पीकही वाचेल, मांसही मिळेल' हा हिशेब मुळातच जुळत नाही. नुकसानीचा पंचनामा करून भरपाई मागा, आणि खर्च कुंपणाच्या झटका मशीनवर करा. त्याचा झटका क्षणाक्षणाने तुटक येतो, जनावर मरत नाही, परत फिरतं. तार जमिनीपासून वीतभर उंचीवर एक आणि वर दोन ओढा, आणि खालचं गवत कापत राहा. गवत टेकलं की झटका मरतो.

१५. बेडूक, कासव, घोरपड यांबद्दल काय? आणि गाडीखाली आलेला ससा?

पावसाळ्यात गोव्यात आणि दक्षिण कोकणात मोठे बेडूक धरून खायची जुनी सवय आहे. आता ती बेकायदा आहे, आणि गोव्याचं वनखातं दर पावसाळ्यात रात्रीची गस्त घालतं. बेडकांच्या पायांची निर्यातही १९८७ पासून बंद आहे. बेडूक भातातले किडे खातो, तो शेतात जिवंत असणंच स्वयंपूर्ण गटाच्या फायद्याचं. कासव जाळ्यात आलं तर सोडून द्या. घोरपडीचं तेल, मांस, काहीही विकायला आलं तर घेऊ नका. विकत घेणाराही गुन्हेगार ठरतो.

रस्त्यावर मेलेला ससा किंवा भेकर घरी नेता येत नाही. मेलेला सापडलेला वन्यप्राणीही सरकारचाच, आणि असं जनावर ताब्यात आलं तर ४८ तासांत पोलीस किंवा वनखात्याला कळवावं लागतं. कायदा सोडा, ते कशाने मेलं होतं हे आपल्याला ठाऊक नसतं. मेलेल्या माकडाला तर कुणीही हात लावू नये. सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात २०१६ मध्ये माकडतापाची साथ आली ती गोचिडांतून. माकड मेलेलं दिसलं तर आरोग्य केंद्राला कळवा.

१६. ससे आणि लाव्या पाळता येतात का? मग ते वन्यप्राणी नाहीत?

पिंजऱ्यात पाळतात तो पांढरा ससा मूळचा युरोपातला, आपल्या रानातला ससा वेगळा. पाळीव सशाला वन्यजीव कायदा आड येत नाही. तसंच जपानी लावीचं: व्यवसाय म्हणून पाळली जाते ती ही, रानातली लावी नव्हे. अडचण तपासणीच्या वेळी येते. म्हणून पिल्लं मान्यताप्राप्त उबवणीकेंद्रातून घ्या आणि पावत्या जपून ठेवा. रानातून धरून आणलेली एक लावी कळपात मिसळलीत तर सगळा कळप संशयात जातो.

रानडुकराचं पिल्लू वाढवणं हा असाच एक प्रश्न. गावडुक्कर पाळीव, रानडुक्कर वन्य. पिल्लू लहानपणी सापडलं, बाटलीने दूध पाजलं, तरी ते वन्यच राहतं. वनखात्याला कळवा.

कमी कष्टात मांस हवं तर आमची पसंती गावठी कोंबडीला, मग बदकांना. शेळी चांगली, पण सामाईक जमिनीत झाडं लावली असतील तर शेळीवरून गट फुटल्याचं आम्ही पाहिलं आहे.

१७. जास्तीचे मासे साठवायचे कसे? फ्रीज नको आहे.

कोकणात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी म्हणून सुकट, बोंबील, जवळा भरतात ते समुद्राचे, उन्हाळ्यातल्या कडक उन्हात सुकवलेले. गोड्या पाण्यातली मासळी नेमकी पावसाळ्यात जास्त, तेव्हा ऊन नाही. त्यावर उपाय धुराचा: मासा पाठीतून चिरून, मीठ लावून, पाणी निथळू द्यायचं आणि चुलीवरच्या माळ्यावर कामट्यांवर पसरायचा. मोठा, चरबीचा मासा लवकर खवट होतो, लहान मासे उत्तम टिकतात. वाकवल्यावर कटकन मोडला तर सुकला. दर आठवड्याला हुंगून पाहा. बुरशीचा पांढरा थर दिसला तर पुसून वापरू नका, टाकून द्या.

१८. आम्ही कॅनडात असतो. इथे शेजारी वर्षाला एक-दोन हरणं मारून फ्रीजर भरतात. इथे राहणाऱ्या मराठी माणसाने ते करावं का?

तिथला कायदा त्याला वाव देतो, फक्त चौकटीत. शिकारीचं प्रशिक्षण, परवाना, ठरावीक हंगाम, ठरावीक संख्या. प्रांताप्रांताला नियम वेगळे, शेजाऱ्याच्या भरवशावर राहू नका. परवाना ज्याच्या नावाचा, जनावर सहसा त्याचंच. दुसऱ्याच्या परवान्यावर मारणं तिथेही अनेक ठिकाणी गुन्हा. शिकारीचं मांस सहसा विकता येत नाही, वाटता येतं, आणि वाटपाचेही नियम असतात. हरणांत मेंदू सडवणारा एक रोग उत्तर अमेरिकेत पसरलेला आहे; तो असलेल्या भागात मारलेल्या जनावराची तपासणी करून घेतल्याशिवाय खाऊ नका. शिशाच्या गोळीचे कण जखमेपासून वीतभर लांब मांसात जातात. तेवढा भाग कापून टाका किंवा तांब्याची गोळी वापरा, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. आणि ते मांस, शिंगं, कातडं भारतात येताना सामानात भरू नका.